तो कप कुणाकडं राहिला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. वरच्या मजल्यावर भाडेकरू नवरा-बायको राहतात, अमरावतीकडचे, दोघंही आयटीत. त्या बाईनं डबाभर पाटवड्या पाठवल्या होत्या. तो डबा परत द्यायचा, म्हणून हिला मटारच्या करंज्या करायच्या होत्या.

समोर टीव्ही चालू होता. कुठल्यातरी चॅनेलवर परदेशातल्या जुन्या फुटबॉलचे तुकडे दाखवत होते. ही एकदम म्हणाली, "अवो, ही तर आपली पिवळी!"

आपली कसली? त्या संघाचा देश कुठं आहे हेही आम्हाला धड सांगता आलं नसतं. धायरीत केबल नवी आली तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्ही ते बघायचो. शेजारशेजारच्या तीन देशांतले क्लब एका कपासाठी खेळायचे. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. पण चेंडू कुठं गेला हे कळायला शाळा लागत नाही. पिवळ्या कपड्यांतले तिला आवडायचे, कारण ते पडले तरी लोळत बसत नाहीत.

मग ती स्पर्धा दिसेनाशी झाली. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, क्रिकेट बघा की." झालं. आम्ही विसरलो.

"बंद पडली का वो ती?" ही म्हणाली. "आन कप कुनाकडं हाय?"

"जिंकला त्याच्याकडं."

"तो तर दरसाल परत द्यायचा आस्तो, तुमीच म्हनला व्हता."

"मग दिला असेल परत."

"कुनाला? खेळच मोडला, तर घेनार कोन? आन रिकामा दिला आसंल तर लई वंगाळ."

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तिच्या लेखी कप हेही भांडंच. मी म्हणालो, "त्यात काय भजी घालायची का?"

"हसा. पर इचारा कुनाला तरी."

"बघू."

त्याच आठवड्यात ती गेली. छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं. याच्यावर जास्त लिहीत नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. जो तो विचारायचा, आता एकटे कसे राहणार? आणि माझ्या डोक्यात एकच, कप कुणाकडं आहे? बोललो असतो तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले असते.

एका रविवारी वरची बाई विचारपूस करायला खाली आली. मी सरळ तिलाच विचारलं.

"काकाजी, तुम्ही फुटबॉल पाहत होते?" ती म्हणाली. मग लॅपटॉप घेऊन आली आणि एकेक वाचून मराठीत सांगत गेली. सुरुवातीला मैदानं भरून वाहायची. पुढं जास्त पैशाची मोठी स्पर्धा निघाली. मोठे क्लब आपले बिनीचे खेळाडू तिकडं राखायला लागले आणि इकडं राखीव पोरं धाडायला लागले. लोक फिरकेनात. एका साली तारखा जुळल्या नाहीत, म्हणाले पुढच्या वर्षी खेळू. ते पुढचं वर्ष आलंच नाही.

"म्हणजे बंद केली असं कुणी म्हणालंच नाही?"

"नाही ना जी."

आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं असंच झालं. आखाड्याच्या जागी आता सोसायटीचं पार्किंग आहे. तिथंही सगळे 'पुढच्या वर्षी बघू' एवढंच म्हणाले होते.

"आणि कप?"

तिनं बराच वेळ शोधलं. शेवटी एक फोटो मोठा करून दाखवला. काचेच्या कपाटात कप, मागं पिवळा झेंडा. "शेवटी जिंकले त्यांच्याकडेच आहे. मागायला कोणी आलंच नाही म्हणते."

पिवळ्यांकडं! मी उठलो. हिला सांगायला स्वयंपाकघरापर्यंत गेलोसुद्धा.

ओट्यावरच्या फळीवर तो डबा पालथा घातलेला होता. तिनंच घासून ठेवलेला. वरच्या बाईनं कधी मागितला नव्हता. त्या दिवशीही लॅपटॉप उचलून आपली वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीजर उघडला. सोललेले मटार पिशवीत तसेच होते. करंज्या काही मला येत नाहीत. मटारच डब्यात भरले, झाकण लावलं आणि जिना चढलो.