सरव्याला लागलेलं कुलूप

माझा धाकटा भाऊ जर्मनीला जाऊन आला हे ज्याला माहीत नाही, असं आमच्या गावात कुणी उरलेलं नाही. द्राक्षबागायतदारांच्या अभ्यास दौऱ्यात गेला, नदीकाठच्या एका गावात जेमतेम दोन दिवस राहिला आणि परत आल्यापासून ह्याच्या तोंडी फक्त जर्मनी. वीज गेली तरी जर्मनी, चहा गार झाला तरी जर्मनी. मी नांदेडला राहते, गावी वर्षातून दोन-चारदा जाते, तेवढं ऐकून घेता येत होतं. पण त्या दौऱ्याचं नाव पुढं करून त्यानं जे केलं, त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव रेणापूरकडचं. तिथं पहिली द्राक्षबाग वडिलांनी लावली तेव्हा लोक हसले होते. ज्वारी, तूर, फार तर ऊस, एवढंच आमच्या मातीला ठाऊक. ह्या पिकांत एक जुनी रीत होती, सरव्याची. रास झाली, काढणी संपली की रानात जे सांडलं, राहिलं, ते शेत नसलेल्या बायांनी वेचून न्यायचं. त्यांनी मालकाला विचारायचं नाही आणि मालकानं बघायचं नाही. वडिलांनी तीच रीत बागेला लावली. व्यापाऱ्याची माणसं माल तोडून गेली की दुसऱ्या दिवशी बाग मोकळी. पानांआड राहिलेले, वेडेवाकडे, व्यापाऱ्यानं नाक मुरडलेले घड बायांचे. त्या दिवशी वडील मुद्दाम उदगीरच्या बाजाराला निघून जायचे. मालक समोर असला की बायांचे हात आखडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

ह्या बायांत एक मावशी होती. नात्यानं आमची कुणी नाही, पण बाग लावल्यापासून विरळणीला येणारी. विरळणी म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं कापून काढायचे, दिवसभर, मान वर करून. मावशीची मान आता नीट खाली येत नाही. सरव्याचे घड ती घराच्या पत्र्यावर वाळवायची आणि त्याच्या काळपट मनुका करायची. त्या तिनं कधी विकल्या नाहीत. गावात कुणाच्याही घरी बाळंतीण असली की मनुका मावशीच्या घरून यायच्या, पाटलांकडं असो की आमच्याकडं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्याच मनुका खाल्ल्या. द्राक्षं आमच्या बागेतली, पण देणारी ती. वर्षभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बाईला गावात देणारीचा मान होता, तो ह्या एका दिवसामुळं.

वडील गेले. रिवाजाप्रमाणं बागेतल्या माझ्या वाट्याची मी भावाला हक्कसोड करून दिली. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. त्या बदल्यात म्हणा किंवा माया म्हणून म्हणा, दर हंगामात द्राक्षांची एक पेटी भाऊ मला देतो. मीही आनंदानं घेत आले.

आणि मग हा जर्मनीहून आला. पारावर बसून त्यानं सगळ्यांना ऐकवलं, "तिकडं बाग पिकली की रस्त्यावर बोर्ड लावत्यात. बंद म्हंजी बंद. पाखरू शिरत न्हाई आत. ह्याला म्हंत्यात शिस्त. आपल्याकडं लई मोकळं सोडलंय समदं." त्या हंगामात बागेला लोखंडी फाटक लागलं, फाटकाला कुलूप लागलं, आणि उरलेला माल रसवाल्याच्या टेम्पोत गेला. सरव्याच्या दिवशी मावशी आणि चार-पाच बाया टोपली घेऊन आल्या, फाटकाशी उभ्या राहिल्या आणि गेल्या. भावजयीनं मला फोनवर हे हवापाण्यासारखं सांगितलं. माझी चिडचिड झाली, पण जर्मनीपुढं मी काय बोलणार? मी कुठं पाहिली होती!

पुढच्या वर्षी पाहिली. माझी लेक नोकरीसाठी तिकडं गेली आणि शहरात घरं महाग म्हणून तिनं भाड्यानं घर घेतलं ते नेमकं द्राक्षांच्या गावात. भाऊ गेला होता त्याच नदीच्या काठी, दोन गावं अलीकडं. गाव म्हणजे आमच्या गावाच्या निम्मंसुद्धा नाही. एक चर्च, एक पाव-बिस्किटांचं दुकान, तेही दुपारी बंद. नदीकडच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या, प्रत्येकीशेजारी साल. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीचं पाणी कुठवर येतं हे आम्ही नांदेडकर तोंडी सांगतो, ह्यांनी दगडावर लिहून ठेवलंय. गावामागं डोंगर, आणि बागा अशा उभ्या चढावर की मला खालून बघूनच गरगरलं. एखाद्या घराच्या दारावर हिरव्या डहाळ्यांचा गुच्छ टांगलेला दिसला की समजायचं, आज ह्यांच्या अंगणात घरची वाईन आणि जेवण मिळेल. मी वाईन घेतली नाही, बटाटे खाल्ले.

आणि बागेच्या वाटेवर तो बोर्ड होताच. वाट बंद. तो बघून मला भावाचा चेहरा दिसला आणि खरं सांगते, वाटलं, बोलला ते खोटं नव्हतं.

आमच्या घरमालकीणबाई ऐंशी ओलांडलेल्या. संध्याकाळी बाकावर बसून त्या गावाच्या गोष्टी सांगायच्या, लेक मधे बसून मला मराठीत सांगायची. त्यांच्या पणजोबांच्या काळात मुळांना कीड लागून वेली कशा मेल्या, मग अमेरिकेतल्या खुंटावर कलमं कशी बांधली. मी म्हटलं, आमच्याकडंही कलम अमेरिकेच्याच खुंटावर. बाई खूश झाल्या. एकदा मी त्या बोर्डाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, हो, पिकत आली की बाग बंद, पूर्वी तर राखणदार खुळखुळे वाजवत पाखरं हाकलायचे. पण तोडणी संपली की घंटा व्हायची, आणि मग कुणीही आत जावं. राहिलेले घड ज्याला सापडतील त्याचे. लढाईनंतरच्या भुकेच्या वर्षांत त्या आईबरोबर फडकं घेऊन जायच्या, बागा तर त्यांच्या शेजाऱ्यांच्या होत्या. "मालक काही म्हणायचे नाहीत?" मी विचारलं. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "त्यांनी काय म्हणायचं? तोडणी झाली होती की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ह्या दीडशहाण्यानं बोर्ड बघितला आणि घंटा व्हायच्या आत विमानात बसला! अर्धी रीत उचलून आणली, तीही कुलूप लावणारी. एवढ्या लांब जाऊन माणूस दुसऱ्यांचं काय घेऊन येतो, तर आपल्या बापाची रीत मोडायला निमित्त.

दिवाळीला परत आले, पण हे तोडणीच्या वेळीच बोलायचं म्हणून थांबले आणि फेब्रुवारीत थेट गावी गेले. तोडणी चालूच होती. ओसरीत सगळ्यांसमोर मी भावाला ती घंटेची गोष्ट सांगितली. तो आधी हसला. मग म्हणाला, "तिकडचं तिकडं, आक्का. इकडं फाटक उघडलं तर अर्धी बाग घिऊन जात्याल."

"म्हणजे पटलं तर जर्मनी, नाही पटलं तर तिकडचं तिकडं? वडिलांची किती बाग नेली बायांनी?"

भावजय चहाचे कप उचलू लागली. मी आवाज चढवला, चांगला शेजारी ऐकू जाईल इतका. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं बाबा, पर आत कुणाला सोडणार न्हाई. एकेकीला एक पेटी भरून देतो. चांगला माल देतो, वेचलेला न्हाई. मग तर झालं?"

मला वाटलं, जिंकले. तोडणी संपल्यावर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर पेट्या मांडल्या. घड खरंच चांगले होते, बाजारात जावेत असे. चार बायांनी पेट्या डोक्यावर घेतल्या. मावशी रिकामं टोपलं कमरेवर घेऊन उभीच राहिली.

"घे की मावशी," भाऊ म्हणाला. "तुझीच हाय."

"न्हाई मालक. तुम्ही देऊन राहिलाव, मन मोठं हाय तुमचं," ती म्हणाली. "पर दिलेल्याच्या मनुका म्या कुण्या बाळंतिणीला कशा द्याव्या? दुसऱ्याचं दान पुढं सरकवल्यावानी व्हतंय. सरवा आपला ऱ्हातो. त्यो कुणी दिलेला नसतो." आणि टोपलं घेऊन ती घराकडं चालू लागली, मान तशीच वर.

भाऊ पुटपुटला, "ह्या लोकांला द्यावं तरी पंचाईत." त्याच्यावर ओरडायला मी वळले. त्याच्या मागं माझी गाडी उभी होती. डिकी उघडी होती आणि त्यात माझी पेटी होती. दर वर्षीसारखी, निवडक घडांची, कागद घालून नीट भरलेली. वडिलांची बाग, आणि मी दर वर्षी दिलेलं घेऊन जात होते. तेही हसतमुखानं, वर भावाचं कौतुक करत.

मी ती पेटी उचलली आणि बाकीच्या पेट्यांत नेऊन ठेवली.

भाऊ गडबडला. "आता तुला काय झालं, आक्का? तू कुठं त्या बायांतली? तू तर घरची."

"मग फाटकाची किल्ली दे," मी म्हणाले.

त्यानं खिशावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. किल्ली त्यानं दिली नाही.