वरचा सूर आणि माही पिशवी

भजनी मंडळाची गाडी निघाली की किस्से शेंगांच्या टरफलांसारखे जमतात. कितीही झाडा, सीटखाली आणखी निघतातच! आमच्या पुसदच्या मंडळातले निम्मे किस्से माह्यावरचे. कारण मंडळात गाते मी, आन् मूर्खपणाही मीच करते.

आता हेच पाहा. दोन पोरी झाल्यापासून खोकलं, शिंकलं, हसलं की मले थेंब-थेंब लघवी व्हायची. वरचा सूर लावला की हमखास! मग मांड्या आवळायच्या, डोळे गच्च मिटायचे. दवाखान्यात काही गेली नाही. वाटे, गाणाऱ्या बायांले होतच असंल!

आमच्या मंडळाच्या प्रमुख शोभाताई एकदा म्हणे, "तू डोळे मिटते ना, समोरच्या बाया हात जोडतात. काय भाव हाये तुह्या चेहऱ्यावर!"

म्हटलं, "ताई, मी देवाले एवढंच सांगून राह्यली होती, आत्ता नको!"

*

शेवटी यवतमाळले ऑपरेशन केलं. लघवीच्या मार्गाखाली आधाराले एक बारीक पट्टी बसवली. लघवीची नळी काढल्यावर सिस्टर म्हणे, "आपोआप लघवी झाली की मगच सुट्टी." आन् होईचना!

आमच्या ह्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, पाण्याचा आवाज आला की होते. झालं! बाथरूमबाहेरचा नळ सोडून हे उभे. मी आत, नळ बाहेर.

बऱ्याच वेळानं सिस्टर आली. "भाऊ, वार्डाची टाकी रिकामी झाली. वैनी अजून भरलेल्याच हायेत!"

मले असं हसू आलं, की त्या हसण्यातच काम झालं. हे बाहेरून ओरडले, "माह्या नळानं झालं!"

*

घरी आल्यावर मी मुद्दाम शिंकून पाहिलं. एक थेंब नाही! मंडळाले जिलेबी खाऊ घातली.

जिलेबी पचायच्या आत नवीनच तमाशा. आता खोकल्यानं काही नाही, पण एकदम जोरात लागायची. आत्ताच्या आत्ता! त्यातही दाराच्या कुलपात चावी घातली की जास्तच.

एक दिवस हातात भाजीची थैली, कुलूप उघडेना, आन् मी ओसरीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर. तेवढ्यात आमच्या ढोलकीवाल्या कमलाबाई आल्या. त्यांच्या बंजारा तांड्यावरून तूर इकायले बाजारात आल्या होत्या. त्यांनी शांतपणे पाहिलं.

"वैनी, आमच्या तांड्यावरचा तीजेचा नाच अजून लांब हाये. आत्तापासून काहून नाचून राह्यल्या?"

*

मले वाटलं, ऑपरेशन वाया गेलं. मी पाणीच बंद केलं. भर उन्हाळ्यात! चहा मात्र चालूच. त्रास दुप्पट झाला, तेव्हा गेली ऑपरेशनवाल्या डॉक्टर मॅडमकडं.

मॅडमनं तपासलं. इन्फेक्शन नाही, लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होते, पट्टीही जागेवर. म्हणे, "ऑपरेशननंतर काही बायांची पिशवी अशी घायकुती होते. पाणी तोडून तुम्ही तिले अजून चिडवलं. पाणी प्या, चहा कमी करा, गोळी घ्या. आन् लागली की पळू नका. उभं राहा, खालून आवळा, लाट जाऊ द्या."

मी तसंच करायले लागली. एकदा सासूबाई दुधावरून मले बोलून राह्यल्या होत्या, आन् तेवढ्यात लाट आली. मी जागीच उभी. मान खाली, तोंड बंद.

सासूबाईनं माह्याकडं निरखून पाहिलं. मग ह्यांले म्हणे, "तिले बरं नाही का रे? आज उलटून बोलली नाही!"

*

मग आली उमरखेडची भजनस्पर्धा. मधात कोणी उठलं की टीम बाद! मी शोभाताईले म्हटलं, "दुसरी कोणी बसवा. माह्यापायी साऱ्याइचं नुकसान नको."

"बाद झालो तर झालो," शोभाताई म्हणे. "पण तुह्याशिवाय गाडी निघणार नाही."

शेवटी कमलाबाईनं तोड काढली. मले लागली की मी डोक्यावर पदर घ्यायचा. त्या ढोलकी वाढवतील, गजर लवकर संपंल.

स्टेजवर बसली. आधी कमलाबाईकडं पाहून घेतलं. पण गायले लागली आन् लाट आलीच नाही! वरचा सूर लावला, तोही डोळे उघडे ठेवून. पहिल्यांदा दिसलं, समोर किती बाया बसतात ते!

आन् अचानक ढोलकी सुटली. दुप्पट लय! मी पदराले हातही लावला नव्हता. शोभाताईचे टाळ मागं पडले, माह्या जिभेच्या गाठी व्हायले आल्या, पेटीवाली तर नुसतीच हसून राह्यली होती. सारा मांडव टाळ्या पिटत उभा राहिला.

गजर संपला. कमलाबाईनं ढोलकी माह्या मांडीवर ठेवली आन् मांडवामागं गायब!

बऱ्याच वेळानं पदराले हात पुसत आल्या. मी चिडलीच. "कमलाबाई, मी कुठं पदर घेतला होता? मले लागलीच नव्हती!"

"मालूम हाये वैनी," त्या म्हणे. "मले लागली होती."