मोंबासाच्या पेटीबरोबर खालापूरपर्यंत

आफ्रिकेत मोंबासाला लेकीकडे पाठवलेली माझी पहिली पेटी फुटून पोहोचली. लोणच्याच्या बरणीचा चुरा, लाडवांचा डबा रिकामा. गोदीतलं काम मी एकदा पाहिलं होतं. पोती, पिंपं, पेट्या सगळं एकाच जाळ्यात भरतात, यारी, म्हणजे गोदीतली क्रेन, ते उचलते आणि जहाजाच्या पोटात सोडते. तिथे हमाल लोखंडी आकडे लावून ओढतात. लाडू कोणी खाल्ले याविषयी माझं मत पक्कं होतं.

आता लेकीचे, मालतीचे, दिवस भरत आले होते. या वेळी नव्या बरणीबरोबर चांदीचं बोंडलं पाठवायचं होतं. त्यातून तान्हेपणी मी दूध प्यायले, मालतीही प्यायली. शेजारीण म्हणाली, खालापूरजवळ धोंडिबा म्हणून आहेत, गोदीत उभा जन्म काढलाय, पेटी भरावी तर त्यांनीच. अनोळखी माणसाच्या हाती बोंडलं द्यायचं जिवावर आलं, म्हणून पेटीबरोबर मीही निघाले.

दादरहून सकाळच्या पॅसेंजरने कर्जत. जाणार असाल तर पाणी घरून न्या आणि स्टेशनवरचे वडे गरम असतानाच घ्या. पुढे खोपोलीकडे जाणारी, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटार. चढ आला की ती थांबते आणि उतारू उतरून ढकलतात.

ड्रायव्हर पेटी टपावर टाकू पाहत होता. मी सोडेना. "सोनं हाय का काय तिच्यात, बाई?" तो हसला.

इतक्या लवकर सोन्याचं नाव काढणारा माणूस मला आवडला नाही. "लोणचं आहे," म्हटलं आणि पेटी पायांत घट्ट धरून बसले. बाहेर कापणी झालेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, मागे घाटाची निळी भिंत. शाळेत असताना सिस्टर आम्हांला याच डोंगरांतून खंडाळ्याला नेत. तेव्हा मी साऱ्या वाटेत खिडकीला नाक लावून असे. या वेळी नजर पेटीवर होती.

धोंडिबांचं अंगण नव्या पेंढ्याने भरलं होतं. पेंढ्याचा जाड दोर वळून ते बरणीभोवती गुंडाळू लागले.

"हात काढा की, बाई. भरू कशी?"

"मी इथेच बसणार."

"बसा. पन जहाजात कोन बसनार हाय? वर पोत्यांची थप्पी, बाजूला पिंप गडगडतंय. तरी माझी पेटी फुटायची नाय."

दुपारी त्यांच्या पत्नीने, येसूबाईंनी, आत जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ. मी जेवत असताना येसूबाई मधेच बाहेर जाऊन आल्या. हात धुऊन अंगणात येते तो झाकण ठोकलेलं!

"उघडा," मी म्हटलं.

"आवो, खिळा काढला का लाकूड ढिलं पडतं. मग पेटीला मार सोसत नाय."

"तरी उघडा."

त्यांनी मान खाली घालून एकेक खिळा उपसला. बोंडलं होतं तिथेच होतं. पण त्याच्याखाली पेंढ्यात लाल खणाची पुरचुंडी निघाली. आत नारळ, हळकुंड आणि नवे तांदूळ.

"येसू, ह्ये काय गं?"

"लेकीच्या घरी चाललीय पेटी. बिनओटीची धाडायची व्हय?"

"अगं, तांदळावर कंट्रोल हाय! गोदीत सापडलं तर आख्खी पेटी धरतील. मग बस तिकडं वटी भरत!"

मी पुरचुंडी परत करू लागले. येसूबाईंनी हात मागे नेले. "दिल्याली वटी घरात घेत नाय, बाई. तुमीच न्या."

धोंडिबांनी जुन्या भोकांशेजारी नवे खिळे ठोकले, वरून पत्र्याची पट्टी मारली.

"आता फुटणार नाही ना?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

परतताना कर्जत स्टेशनवर शिपाई तांदळासाठी पिशव्या तपासत होता. दिवसभर मी जसं इतरांकडे बघत होते, तसंच तो माझ्याकडे बघत होता.

"काय हाय पिशवीत?"

"लेकीची ओटी."

त्याने खण उघडून पाहिला. "लेक कुठं दिलीय?"

"मोंबासाला."

"मग वटी मुंबईला कशी चाललीय?"

मी खणाची गाठ पुन्हा बांधू लागले. मागून कोणी ओरडलं, "जाऊ दे रं म्हातारीला, गाडी सुटंल!" आणि मी सुटले.

पेटी मुंबईच्या गोदीतून जहाजावर चढली. परवा तार आली: मुलगी झाली, दोघी खुशाल. पेटीबद्दल अक्षर नाही. येसूबाईंची पुरचुंडी फडताळात तशीच आहे. शिजवायला हात होत नाही, टाकवत तर नाहीच.

त्या बाजूला जरूर जा. उडव्या उभ्या असतात तेव्हाच जा. धोंडिबांकडे पेटी द्या आणि झाकणाकडे पाठ करून सावकाश जेवा. पहिली पेटी फुटली तेव्हा गोदीतला प्रत्येक हमाल मला चोर वाटला होता. या वेळी संशय कोणावर घ्यावा ते ठरत नाही. डोळे मिटले की पोत्यांमधून वर चढणारी पेटी दिसते आणि झाकणावर, नव्या खिळ्यांशेजारी, मी पाडायला लावलेली रिकामी भोकं.