शांताची पातेली

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी नाहीच ती. पण आता चहा टाकलाच आहे, तर मी अकलेचे कसे तारे तोडले ते ऐकाच.

घटस्फोटाचा कायदा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. मी विम्याच्या कचेरीत अधिकारी, बदलीवर जयपूरला. तिलक नगरात मराठी घरं मोजकी, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक. दोन घरं सोडून बँकेतले दिघे राहायचे. ते आणि सुमतीवहिनी वेगळे व्हायचं म्हणताहेत, हे कळलं तेव्हा आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. भांडणतंटा नाही, आरडाओरडा नाही. बारा वर्षांच्या संसारात बोलणंच संपलं होतं.

कोर्टात अर्ज गेला. पोटगी न्यायाधीश ठरवणार होते. घरातलं सामान मात्र तुम्हीच आपसात वाटून यादी आणा, असं वकील म्हणाले. आता मध्यस्थ कोण? अर्थातच मी! मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसलो होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. नापास झालो होतो, हे मी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी गेलो. वहिनींनी एवढंच सांगितलं, की जयपुरातच, सोडाल्याला एक खोली बघितली आहे, एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना डबे करून द्यायचे आहेत, तेव्हा मोठी भांडी मिळाली तर बरं. आणि त्या आत चहा करायला गेल्या. आम्ही दोघे पुरुष यादीला बसलो.

माझा नियम एकदम सोपा. विम्यात कसं, कागदावर नाव ज्याचं, पैसे त्याचे. तसंच इथे. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतातच. नाव ज्याचं, भांडं त्याचं. दिघ्यांनी मान हलवली.

भांडी उलटी करून वाचायला लागलो. संसारात घेतलेल्या सगळ्यावर दिघ्यांचं नाव. 'सौ. सुमती' असं फक्त दोन वाट्यांवर आणि हळदीकुंकवात मिळालेल्या एका तांब्यावर. वहिनींची बाजू अगदीच लंगडी पडत होती. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

मग खालच्या फळीवरची मोठी भांडी काढली. दोन पातेली, परात, घागर, पुरणयंत्र. सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी एकच नाव, 'शांता'.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! बारा वर्षांचा संसार भांडण न होता मोडतो तो काय उगाच? मी दिघ्यांना अंगणात नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ही शांता कोण?"

"शांता?" दिघे गोंधळले. "मतलब... कुणी शेजारीण असेल."

"पाच-पाच भांडी ठेवून गेली? दिघे, हे कोर्टात निघालं तर पोटगी दुप्पट होईल."

माणूस घामाघूम झाला. आठव आठव आठवलं त्यांनी, पण शांता काही सापडेना. शेवटी मी यादीत तिसरा रकाना पाडला, 'तिऱ्हाईत'. भांडी तूर्त माझ्या घरी राहतील, शांताबाई आल्या की त्यांना देऊ, असं ठरलं. आणि वहिनींना हे हळुवारपणे सांगायची जबाबदारीही मीच घेतली.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "वहिनी, मन घट्ट करा. घरात कुणा शांताची भांडी निघाली आहेत, आणि ती कोण, हे दिघ्यांना सांगता येत नाहीये."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. एकदा माझ्याकडे, मग बराच वेळ दिघ्यांकडे बघितलं.

"मी," त्या म्हणाल्या. "बाबांनी माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवली होती ती भांडी. लग्नात यांनी तांदळात सुमती लिहिलं, तोवर मी शांता होते."

आता तुम्हाला वाटेल, दिघे विरघळले आणि संसार सावरला. तसं काही झालं नाही. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, तिसरा रकाना खोडला आणि मोठी भांडी, शेगडी, पाटा-वरवंटा, सगळं वहिनींच्या बाजूला लिहिलं. पुढे पोटगीही रीतसर ठरली. आठवड्याभरात वहिनी सामान टांग्यात घालून सोडाल्याला गेल्या. त्यांचे डबे चांगले चालले. मला वाटतं, त्या दिवशी यादी झाली म्हणून नव्हे, माझी यादी फसली म्हणून.

घरी येऊन मी हा प्रकार बायकोला रंगवून सांगितला. बारा वर्षांत माणूस बायकोचं नाव विसरतो म्हणजे काय, म्हणून दिघ्यांना खूप हसलो. ती पोळ्या लाटत होती. तिने वर न बघता विचारलं, "माझं माहेरचं नाव काय हो?"

मी छताकडे बघितलं. मग ती पोळी उलटतेय असं बघून हळूच मांडणीपाशी गेलो आणि तिच्या माहेरून आलेलं मोठं पातेलं उलटं केलं.

त्यावर माझं नाव होतं.