उतरवा, मी सांगते

दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या त्या ऑफिसात फोन वाजला की पलीकडून आधी शिवी यायची आणि तिच्यामागून माणूस. "ओए राजीव, तेरी—" एवढं होईपर्यंत पद्मजाबाई आपल्या साजूक तुपातल्या आवाजात म्हणायच्या, "नमस्कार जी, मैं पद्मजा बोल रही हूँ." शिवी घशातच अडकायची. क्षणभर नुसती खरखर. मग तोच वाघ मांजर होऊन, "जी... बहनजी, नमस्ते. वो ज़रा हमारा बॅलन्स..."

याचसाठी राजीवनं त्यांना ठेवलं होतं. राजीव ब्रोकर. कारखानदाराचा माल घ्यायचा, दुसऱ्याच्या ट्रकमध्ये भरायचा आणि मधलं भाडं आपल्या हातून फिरवायचं. फिरवायचं म्हणजे फिरवतच राहायचं. निघताना ट्रकवाल्याला थोडा अ‍ॅडव्हान्स, उरलेलं माल पोचल्यावर. आणि माल पोचला की राजीव कुणाला सापडायचा नाही. समोरच्याच खुर्चीत छोले-कुलचे खात, बोटं चाटत तो भुवई उडवायचा. पद्मजाबाई सांगायच्या, "साहब मीटिंग में हैं जी."

बाईंचा एक नेम होता. खोटं सगळं साहेबांच्या नावावर. "साहब कह रहे हैं, सोमवार को." "साहब कह रहे हैं, पार्टी का चेक नहीं आया." स्वतःचा म्हणून शब्द त्यांनी कधी कुणाला दिला नाही. करोल बागेतल्या घरी मेथी निवडताना त्या नवऱ्याला म्हणायच्या, "मी नुसती नळी आहे हो. वरून येतं ते खाली जातं." श्रीरंगराव काही बोलायचे नाहीत. ते ज्या कारखान्यात टीव्ही जोडायचे, तो परदेशी कंपन्यांचे गुळगुळीत टीव्ही दुकानांत आल्यावर वर्षाच्या आत बंद पडला. आता ते दिवसभर शेजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसत. कधीकधी ते परत जुळतही.

राजीव गुडगावला नवं ऑफिस काढणार होता. तिथे श्रीरंगरावांना बसवायचं त्यानं कबूल केलं होतं. "भाईसाब की कुर्सी पक्की, पद्मजाजी. आप तो घर के हो."

आणि मग खंडेराव आला. नगर जिल्ह्यातला, एकच ट्रक, तोही हप्त्यांवर घेतलेला, चालवायचाही स्वतःच. पहिल्यांदा ऑफिसात आला तो दारातूनच, "मेरेको भाडा कब भेटेंगा?" ती हिंदी ऐकून पद्मजाबाईंनी सरळ मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुमचं? जेवलात का?"

बाकावर टेकत होता तो ताडकन उभा राहिला. "मराठी? हितं? ताई, ह्या गावात आजवर कुनी मला जेवलास का म्हनून इचारलं न्हाई बगा."

तेव्हापासून तो दिल्लीला आला की ताईंसाठी बाजरीचं पीठ आणायचा. आणि मागची बाकी न घेताच परत जायचा, कारण ताई म्हणाल्या, साहेब सोमवारी देतो म्हणतात.

पुढच्या फेरीला मात्र तो शहाणा झाला. पुण्याहून लिफ्टची यंत्रं घेऊन आला, गुडगावातल्या नव्या टॉवरच्या फाटकात गाडी आडवी लावली आणि खाली चटई पसरून बसला. ट्रकवाल्याकडे हत्यार एकच, न उतरलेला माल. तोवर त्याला सगळे 'भाईसाब' म्हणतात. ताडपत्री सुटली की कुणी ओळख देत नाही.

टॉवरचा इंजिनियर फोनवर इंग्रजीत किंचाळत होता. राजीव घाम पुसत, "यस सर, डन सर, बिल्कुल सर," करत होता. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा वाजला. खंडेराव, एसटीडी बूथवरून. राजीवनं रिसीव्हर पद्मजाबाईंच्या हातात कोंबला. "आपका मराठी भाई है. आप बोलो ना. माल उतरवा दो, बस. कसम से, शाम को सारा हिसाब. आज आपके भाईसाब की नौकरी की चिट्ठी भी टाइप करवा दूँगा."

"खंडेराव," त्या म्हणाल्या, "साहेब म्हणतात, माल उतरवा, संध्याकाळी सगळी बाकी—"

"ताई, सायबाचं ऱ्हाऊ द्या. त्याचं लई ऐकलं. फायनान्सवाले घरापोत्तर आलेत. हप्ता न्हाई गेला तर गाडी ओढून नेत्याल. तुमी सांगा. तुमी सांगितलं तर उतरवतो."

राजीव समोर हात जोडून उभा होता. नखात छोल्याचा मसाला तसाच. पद्मजाबाईंना श्रीरंगरावांचं पाठमोरं वाकलेलं डोकं दिसलं, उघड्या रेडिओवर.

"उतरवा," त्या म्हणाल्या. "मी सांगते ना."

"मंग झालं," खंडेराव म्हणाला. हसून म्हणाला, तेही ऐकू आलं.

संध्याकाळी तो माल पोचल्याची सही घेऊन आला. राजीवनं कागद उजेडात धरला, जीभ च्यक च्यक वाजवली. "अरे यार, एक पेटी का कोना दबा हुआ लिखा है. पार्टी ने पूरा भाड़ा क्लेम में काट लिया. अब मैं कहाँ से दूँ? उलटे तेरे ऊपर निकलते हैं, भाई." खंडेराव त्याच्याकडे बघतच नव्हता. तो ताईंकडे बघत होता. ताई टाइपरायटरची फीत बदलत होत्या. फीत चांगली होती.

श्रीरंगरावांची चिट्ठी मात्र त्याच दिवशी टाइप झाली. तेवढी एकच बाकी राजीवनं कबूल केलेल्या वेळी चुकती केली. श्रीरंगराव इस्त्रीचा शर्ट घालून गुडगावला जायला लागले आणि घरात त्यांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

खंडेरावची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली ती ट्रान्सपोर्ट नगरातूनच. काही दिवसांनी तो ऑफिसात आला. खांद्यावर केबिनमधली वळकटी, हातात डबा. पद्मजाबाईंना वाटलं, आता शिवी येणार. त्या तयार होत्या. आली असती तर बरंच झालं असतं.

"म्याडम, एक फोन लावून द्याल?" तो म्हणाला. हाकेतली 'ताई' गेली होती. "गावात वाण्याच्या दुकानात हाय फोन. माझ्या बायकुला, पार्वतीला बोलावत्याल. म्हनावं, खंडेरावला आसामचं मोठं भाडं मिळालंय, यायला दोन-तीन म्हैने लागतील. हितं दुसऱ्याच्या गाडीवर डायवर लागलोय, चार पैसं जमले का मीच सांगीन तिला."

"तुम्ही बोला ना. तिला तुमचा आवाज—"

"त्योच तर घोटाळा हाय. माझा आवाज तिला लगीच कळतो."

फोन लागला. पलीकडे दुकानातली गडबड, कुणीतरी हाका मारतंय, मग धापा टाकत एक बाई. "हालो? कोन?"

पद्मजाबाईंनी सगळं सांगितलं. आसाम, मोठं भाडं, दोन-तीन महिने. कुठे अडखळल्या नाहीत.

पार्वतीनं आवाज खाली आणला. "वाण्याच्या दुकानात कायबाय बोलत्यात हो. गाडी गेली म्हन्त्यात. खरं सांगा, गाडी हाय ना त्यांच्यापाशी?"

खंडेराव जमिनीकडे बघत उभा होता.

"आहे. मी सांगते ना."

"तुमी सांगता म्हंजी झालं. जेवत्यात का येळेवर?"

"जेवतात," पद्मजाबाई म्हणाल्या. हे त्यांना कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला. खंडेरावनं वळकटी उचलून खांद्यावर नीट घेतली.

"लई छान बोलता तुमी," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. पद्मजाबाईंनी तो नीट कान देऊन शोधला.