नादुरुस्त पाटीची गाडी

पोरगी डेपो मॅनेजर झाली तेव्हा वडिलांचा जीव भांड्यात पडला. "सुटलीस बाई एकदाची त्या ग्रीसमधून! आता पंख्याखाली बसायचं आणि हुकूम सोडायचे." इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन ती शहर बससेवेच्या वर्कशॉपमध्ये चिकटली होती. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखते म्हणून मेकॅनिक मंडळी तिला डॉक्टरीणबाई म्हणायची. त्या दिवसांत अंथरुणाला पाठ टेकली की तिला झोप लागायची. पंख्याखाली आल्यापासून मात्र झोपेचं पार खोबरं झालं होतं.

नेमणूक तात्पुरती होती. जमलं नाही तर परत वर्कशॉप, वर 'हिला यंत्रं कळतात, माणसं नाहीत' हा शिक्का. ही धास्ती तिच्या मानगुटीवर बसली होती.

पहिल्याच आठवड्यात तिला कोपऱ्यात सतरा नंबरची बस दिसली. काचेवर लाल पाटी, 'नादुरुस्त'. तिने इंजिन चालू करायला लावलं, कान दिला. कुठे खुट्ट नाही! धडधाकट गाडी कोपऱ्यात लोळतेय म्हणून तिचं डोकंच फिरलं. पाटी काढून तिने ती गाडी रोजच्या फेऱ्यांना लावली. डेपोत एकही गाडी नादुरुस्त नाही, म्हणून वरून शाबासकीही आली.

ती शाबासकी फार दिवस पुरली नाही. एका सकाळी दिवसपाळीच्या नर्सना नेणारी हॉस्पिटलची बस पुलावर बंद पडली. बदली पाठवायला डेपोत गाडीच नव्हती. नर्सबाया पूल पायी ओलांडून गेल्या, आणि त्यांची वाट पाहत रात्रपाळीच्या नर्स तशाच ताटकळल्या. वरून खरमरीत फोन आला.

तिने निवृत्त झालेल्या आधीच्या मॅनेजरांना फोन लावला आणि सतरा नंबरला काय आजार होता ते विचारलं. ते पोट धरून हसले. "अगं, ती आजारी कुठे होती? मी तिला आजारी ठेवली होती! चांगली गाडी रिकामी दिसली की वरचे पळवतात. म्हणून पाटी लावायची, आणि अडलं की काढायची."

"म्हणजे खोटं बोलायचं, सर?"

"ते तू ठरव बाई. पुलावरून तुला थोडंच चालायचंय!"

हे वाक्य तिला झोंबलं. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने पाटी परत लावली. गाडीबद्दल आजवर ती कधी खोटं बोलली नव्हती. आता कोपऱ्याकडे बघायचीही तिला लाज वाटू लागली.

नेमणूक पक्की करायची की नाही, हे ठरवायला एके दिवशी सकाळी वरचे साहेब आले. सगळा डेपो फिरले आणि नेमके सतरा नंबरपाशी थांबले.

"हिला काय झालंय?"

"गिअरबॉक्स, साहेब."

साहेबांनी काचेवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही. ते काही बोलणार, तेवढ्यात कंट्रोलर धावत आला. "मॅडम, हॉस्पिटलची गाडी परत पुलावर बंद पडली!" एवढं बोलून त्याने साहेबांना पाहिलं आणि जीभ चावली.

पाटी काढली तर खोटेपणा साहेबांच्या डोळ्यांदेखत उघडा पडणार, आणि नाही काढली तर त्या बाया पुन्हा पुलावरून चालणार. बरं, साहेब काही जागचे हलायला तयार नव्हते.

तिने हात वर करून पाटी ओढून काढली. "सतरा नंबर काढा," ती ड्रायव्हरला म्हणाली. आवाज कापत होता, पण ऐकू गेला.

"गिअरबॉक्स गेलाय ना?" साहेबांनी विचारलं.

"बरी झाली, साहेब."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खिशातून पेन काढून काहीतरी लिहू लागले. ते वाचायची तिची हिंमत झाली नाही. गाडी गेटाबाहेर वळेपर्यंत ती सवयीने कान देऊन उभी राहिली. इंजिन ठणठणीत चालत होतं. तिच्या स्वतःच्या छातीतल्या धडधडीचं मात्र काही खरं नव्हतं.