मावशींचा गरीब जंतू
सांगलीच्या ज्या खासगी रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन होतो, तिथले मोठे सर्जन स्वतःला देवापेक्षा एकच पायरी खाली समजत, तेही विनय म्हणून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी घातलेले टाके पिकू लागले. लागोपाठ चार पेशंट! महागातली इंजेक्शनंही त्या जंतूला पाण्यासारखी. साहेबांना गुन्हेगार मात्र दोन मिनिटांत सापडला: थिएटर पुसणाऱ्या, कवठे महांकाळकडच्या मावशी.

"मिसरी लावतात! तेच बोट सगळीकडे! पुराव्यासकट घालवतो यांना," चिमूटभर तपकीर नाकात कोंबत साहेब गरजले आणि सणसणीत शिंकले.

पुरावा म्हणजे जंतूची जनुकीय ओळख. जखमांतला पू आणि थिएटरमधल्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना मी पुण्याच्या लॅबला पाठवला. नावं नाहीत, नुसते नंबर. तिथे जंतूचा डीएनए कापून पट्ट्या पाडत. पट्ट्या तंतोतंत जुळल्या की जंतू एकाच घराण्यातले. पहिला नमुना साहेबांनी स्वतःचा दिला, फोटो काढून घ्यावा तशी मान वर करून.

मावशी रोज दारात. "आलं का वं कागद? नोकरी ऱ्हाती का जाती?" त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं.

कागद आला. साहेबांनी सगळा स्टाफ जमवला. "वाचा मोठ्याने!"

वाचलं. चारही जखमांत एकच घराणं. तेच एका नाकात, नमुना क्रमांक एक.

"एक म्हणजे कोण?" साहेबांची नजर मावशींवर.

मी चष्मा पुसला, यादी उघडली, बोट सावकाश फिरवलं. असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. "आपणच, सर."

"म्हणजे पेशंटनेच मला दिला!"

कुणी कुणाला दिला, हे पट्ट्या सांगत नाहीत; तेवढ्याच फटीतून साहेब निसटायला बघत होते.

"आसंल की," मावशी म्हणाल्या. "पर सायेब, म्होरच्या तिघास्नी कुणी वाटला? आन् माज्या नाकात काय घावलं?"

मी कागदात पाहून सांगितलं. साध्या गोळीनेही मरणारा जंतू.

"माजा गरीब हाय, सायेब. औषदाचं ऐकतोय."

साहेबांनी नाकाला मलम लावलं, पण गुपचूप. मावशींची नोकरी राहिली. आठवड्याभरात थिएटरबाहेर नवा बोर्ड लागला: 'मिसरी लावण्यास सक्त मनाई'. तपकिरीचा त्यात उल्लेख नव्हता.

तो बोर्ड मावशी रोज चकचकीत पुसायच्या.